परदेशाची वाट : समूहाने की एकट्याने?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा वसतिगृहाच्या चार आठवणी लिहून द्याव्यात, असे मनात होते. पण त्याच आठवड्यात माझी भाची घरी आली. तीही आपल्याच विद्यालयाची माजी विद्यार्थिनी. नोकरीला लागून तिला दोन वर्षे झाली आहेत. साठवलेल्या पैशांतून तिला श्रीलंकेला जायचे आहे आणि तेही एकटीने. तिच्या आईवडिलांचे म्हणणे असे, की जायचे तर यात्रा कंपनीबरोबर जा, नाही तर जाऊ नकोस. "मावशी, तू दोन्ही प्रकारांनी जाऊन आली आहेस. आता तूच आईला सांग," असे म्हणून तिने तो प्रश्न माझ्या पदरात टाकला.

हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नाही. आपल्या पिढीतील अनेकांच्या आईवडिलांनी तालुक्याचे गाव ओलांडले नव्हते. आज त्यांचीच नातवंडे पासपोर्ट काढून बसली आहेत. लुंबिनी, थायलंड, श्रीलंका येथे जाणाऱ्या यात्रांची पत्रके आपल्या वस्त्यांतील विहारांच्या फलकांवर लागलेली दिसतात. अशा वेळी अनोळखी देशात समूहाने जावे की एकट्याने, याचा विचार माजी विद्यार्थी आणि पालक यांनी मिळून करावा, म्हणून वसतिगृहाच्या आठवणी बाजूला ठेवून हा विषय घेत आहे. एक आठवण मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

आठवीत असताना आमची सहल अजिंठ्याला गेली होती. आपल्या विद्यालयाचा शिरस्ता सर्वांना ठाऊक आहे : दोन-दोनची रांग, शेजारणीचा हात सोडायचा नाही आणि प्रत्येक थांब्यावर शिरगणती. सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाच्या शिल्पापाशी मी थांबले आणि थांबलेच. रांग पुढे गेली. खाली शिरगणतीत एक मुलगी कमी भरली, बाई धापा टाकत परत वर आल्या आणि मला चांगलेच रागे भरले. उतरताना मात्र त्यांनी हळूच विचारले, "इतका वेळ काय पाहत होतीस?" मी म्हणाले, "खाली बसलेली रडणारी माणसं." बाई काही बोलल्या नाहीत. परतीच्या प्रवासात त्यांनी मला आपल्या शेजारी बसवले आणि मी काय काय पाहिले ते सगळे ऐकून घेतले.

त्या दिवशी बाईंनी केलेली दोन्ही कामे योग्य होती. हरवलेली मुलगी शोधायला त्या धावत आल्या आणि तिने जे पाहिले त्याची किंमतही त्यांनी जाणली. रांगेची गरज आणि रांगेबाहेर थांबण्याची गरज, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांपैकी एकीलाच खरी मानले, की आपला निर्णय चुकतो. पुढे श्रीलंकेच्या दोन प्रवासांत मला हेच पुन्हा शिकावे लागले.

पहिला प्रवास २०१४ सालचा. आईला घेऊन गेले होते. ती तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला ती दहा वर्षांची मुलगी आपल्या वडिलांच्या खांद्यावरून नागपूरचा तो जनसागर पाहत होती. श्रीलंकेतील अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहावा, ही तिची फार जुनी इच्छा. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेच्या मूळ वृक्षाची फांदी तेथे नेली, हे तिने विहारात अनेकदा ऐकले होते. "त्या झाडाखाली तासभर बसून वंदना म्हणायची आहे," एवढेच तिचे मागणे होते.

आईला मधुमेह, रक्तदाबाचा त्रास आणि इंग्रजीचा गंध नाही. मीही त्यापूर्वी देशाबाहेर पाऊल टाकलेले नव्हते. म्हणून बौद्ध स्थळांचे दर्शन घडवणाऱ्या एका यात्रेत नावे नोंदवली. आम्ही अडतीस जण होतो. त्या समूहाने आम्हांला काय दिले, ते आधी सांगते, कारण एकट्याने फिरणारे लोक ते फार लवकर विसरतात.

प्रवेशपरवाना, विमान, बस, खोल्या, तिकिटे या कशाचीही काळजी आम्हांला करावी लागली नाही. रोज रात्री वरण-भात, पोळी-भाजी ताटात होती. ज्या बाईने साठ वर्षे स्वतः रांधून सर्वांना वाढले, तिला परक्या देशात कोणीतरी गरम पोळी वाढत होते, याचे सुख तिच्या चेहऱ्यावर दिसत असे. दांबुल्लाच्या लेण्यांच्या पायऱ्या चढताना आईला घेरी आली. पाहता पाहता चार हात पुढे झाले. एकाने साखर दिली, सहप्रवाशांतील एका परिचारिकेने नाडी पाहिली, दोन तरुणांनी तिला उचलून खाली आणले. त्या दिवशी मी एकटी तिच्याबरोबर असते, तर काय केले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. समूह म्हणजे परक्या मुलखातले नातेवाईकच असतात, हे मी तेथे अनुभवले.

आता दुसरी बाजू. पत्रकात अनुराधपूरसाठी अख्खी दुपार लिहिलेली होती. प्रत्यक्षात त्या दिवशी सकाळी बस आधी रत्नांच्या एका दुकानापाशी थांबली, मग मातलेजवळच्या मसाल्यांच्या बागेत. तेथे एक गृहस्थ दीड तास तेले आणि लेप यांची माहिती देत होते आणि बाहेर पडण्याचा रस्ता विक्रीच्या दालनातूनच होता. अशा दुकानांकडून यात्रेकरूंच्या खरेदीवर दलाली मिळते, ही या व्यवसायातील सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. आम्हांला ती ठाऊक नव्हती. अनुराधपूरला पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. "पंचवीस मिनिटांत बसपाशी या," असे सांगण्यात आले. त्यातली दहा मिनिटे चपला ठेवण्यात आणि चालण्यात गेली. आई वृक्षासमोर वाळूच्या अंगणात बसली, हात जोडले, डोळे मिटले आणि तेवढ्यात मागून शिट्टी वाजली. आमच्यातल्याच एकांनी तिला हाक मारली, "आजी, चला, तुमच्यामुळे उशीर होतोय."

ती उठली. बसमध्ये बसल्यावर मी तिच्याकडे पाहिले तर म्हणाली, "झालं गं दर्शन." तक्रारीचा एक शब्द नाही. जन्मभर ज्यांना कोणी काही विचारले नाही, त्यांना जेवढे मिळते तेवढ्यावर समाधान मानण्याची सवय लागलेली असते. त्या सवयीचा फायदा कोणी घेऊ नये, ही काळजी मुलांनी घ्यायची असते. मी ती घेतली नाही. अडतीस जणांना थांबवून "माझ्या आईला अर्धा तास द्या" असे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. आई २०१६ मध्ये गेली. ती शिट्टी माझ्या कानांत राहिली.

२०१८ मध्ये मी पुन्हा श्रीलंकेला गेले ती एकटी. आईचा राहिलेला तास पुरा करायचा, एवढाच हेतू. कोलंबोच्या फोर्ट स्थानकातून सुमारे दोनशे किलोमीटर रेल्वेने अनुराधपूर गाठले आणि तेथे तीन दिवस राहिले. पहाटे अंगणात गेले तेव्हा शुभ्र वस्त्रांतील स्त्री-पुरुष हातांत कमळे घेऊन शांतपणे येत होते. मीही आपल्याकडच्याप्रमाणे पांढरी साडी नेसले होते. शेजारी एक वृद्धा बसली होती. तिने त्रिसरण-पंचशील सुरू केले. उच्चाराची धाटणी निराळी, पण पाली तीच. मी नकळत तिच्या स्वरात स्वर मिसळला. ती थबकली, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा पहिल्यापासून, माझ्यासाठी थोडे सावकाश, म्हणू लागली. दोघींना एकमेकींच्या भाषेतले एक वाक्यही येत नव्हते. शेवटी तिने आपल्या हातातली दोन कमळे माझ्या हातात ठेवली.

पहिल्या प्रवासात आम्ही अडतीस जणांनी आमची वंदना आमच्या ध्वनिक्षेपकावर म्हटली होती. आजूबाजूचे लोक आदराने बाजूला झाले होते. समूहाने आम्हांला जपले, पण त्या देशाला आमच्यापर्यंत पोहोचू दिले नाही. एकटी गेले तेव्हा मला त्यांच्यात सामील होण्यावाचून गत्यंतरच नव्हते. पाणी हवे तर विचारावे लागे, रस्ता चुकले तर थांबावे लागे. बसच्या तिकिटाचे पैसे मोजताना लक्षात आले, की सिंहलीत आठला 'अट', नऊला 'नवय' आणि दहाला 'दहय' म्हणतात, आणि भाताला 'बत्'. दोन हजार वर्षांचे नाते एका वाहकाने सुटे पैसे परत देताना मला शिकवले. त्या बसमध्ये पुढचे आसन भिक्खूंसाठी राखीव असते. एक तरुण भिक्खू चढले, तसे त्या आसनावरचे गृहस्थ काही न बोलता उठले. सहलीच्या वातानुकूलित बसच्या खिडकीतून ही दृश्ये दिसत नाहीत.

पण एकटीच्या प्रवासाची ही गोडी सांगून मी थांबले, तर ते अर्धसत्य होईल. कँडीला पोहोचले त्या रात्री मला थंडी वाजून ताप भरला. खोलीत मी एकटी. त्या देशात डेंग्यूचा प्रादुर्भाव होतो, हे वाचलेले होते, त्यामुळे मनात नाही नाही ते आले. आजारी आहे हे जगात कोणालाच ठाऊक नाही, या जाणिवेची भीती तापापेक्षा मोठी होती. सकाळी घरमालकीण चहा घेऊन आली तेव्हा तिला कळले. तिने धने आणि आले उकळून काढा दिला, रिक्षातून रक्ततपासणीला नेले आणि अहवालात डेंग्यू नाही असे आल्यावरच स्वतः जेवली. धन्याच्या त्या काढ्याला तिकडे 'कोत्तमल्ली' म्हणतात. दोन दिवस ती माझी आई झाली. पण हे माझे नशीब होते. मी त्याची तजवीज केलेली नव्हती. दारावर कोणीच आले नसते, तर? परक्यांच्या चांगुलपणावर विश्वास जरूर ठेवावा, मात्र आपली सारी व्यवस्था त्याच्यावर सोपवू नये.

प्राचीन प्रवाशांकडे पाहिले तर हीच गोष्ट दिसते. चिनी भिक्खू फाहियान इ. स. ३९९ मध्ये चांगआनहून निघाला तो सोबत्यांसह. वाटेत कोणी परतले, एकाचा हिमाच्छादित डोंगरात अंत झाला, एकाने भारतातच राहायचे ठरवले. श्रीलंकेला पोहोचला तो एकटा फाहियान. तेथे तो दोन वर्षे राहिला, ग्रंथ मिळवले, उत्सव पाहिले आणि लिहून ठेवले. पण त्याच अनुराधपुरात, अभयगिरी विहारातील बुद्धमूर्तीपुढे एका व्यापाऱ्याने अर्पण केलेला आपल्या देशाचा पांढरा रेशमी पंखा पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. एवढा खंबीर पुरुष एका पंख्याने हेलावला! एकटेपणाने त्याला ज्ञान दिले आणि त्याची किंमतही वसूल केली.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील सांखवाळचा हा तरुण ज्ञानाच्या ओढीने १८९९ मध्ये घर सोडून निघाला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे करीत १९०२ मध्ये श्रीलंकेला पोहोचला आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी पाली शिकला. खिशात पैसा नाही, देशाची ओळख नाही. त्यांच्या 'निवेदन' या आत्मवृत्ताचे वाचन आपल्या विद्यालयातील प्रत्येक मोठ्या मुलाने करावे. एकट्याने निघालेला माणूस पदोपदी इतरांच्या आधाराने कसा पुढे जातो, हे त्यातून कळते. बाबासाहेब १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने श्रीलंकेला गेले, तेव्हा धम्म तेथे प्रत्यक्ष आचरणात कसा आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे हा त्यांचा एक हेतू होता. परिषदेस जाणारे अनेक होते. पण पाहण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

सुत्तनिपातातील खग्गविसाण सुत्त एकट्याने चालण्याचा उपदेश करते, म्हणून एकट्याच्या प्रवासाचे भोक्ते त्याचा दाखला देतात. पण त्याच सुत्तात, शहाणा आणि सदाचारी सोबती लाभला तर त्याच्याबरोबर आनंदाने जावे, असेही सांगितले आहे. सोबत कशी आहे, यावर सारे अवलंबून आहे.

म्हणून 'समूह की एकटे' हा प्रश्न मी दोन प्रश्नांत विभागते. प्रवासात माझा वेळ कोणाच्या हाती आहे? आणि मला काही झाले, तर ते कोणाला कळेल? यात्रा कंपनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चोख देते आणि पहिल्यात आपल्याला गमावते. एकट्याच्या प्रवासात नेमके उलटे होते. आपल्याला जे उत्तर मिळत नाही, त्याची तजवीज आधी करणे, हे शहाणपण आहे.

वृद्ध माणसे बरोबर असतील, प्रकृतीची कुरबुर असेल, इंग्रजीचा अडसर असेल किंवा परदेशाचा पहिलाच प्रवास असेल, तर समूहाने जावे. त्यात कमीपणा काहीच नाही. पण पत्रकातील स्थळांची यादी पाहून पैसे भरू नयेत. कोणत्या ठिकाणी किती तास थांबणार, हे लेखी मागावे. दुकानांचे थांबे किती आणि ते ऐच्छिक आहेत का, हे विचारावे. एका बसमध्ये किती माणसे, एकट्या प्रवाशाला स्वतंत्र खोलीसाठी जादा किती रक्कम, कोणी आजारी पडल्यास त्याच्याजवळ कोण थांबणार, विमा कशाकशाचा, हे सारे आधी स्पष्ट करून घ्यावे. व्यवस्थापक सर्वांचे पासपोर्ट गोळा करून स्वतःपाशी ठेवू लागला, तर काम होताच आपला पासपोर्ट परत मागून घ्यावा. आणि आपल्या आजीला वृक्षाखाली बसायचे असेल, तर ते पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगावे. मी ते सांगितले नाही, म्हणून हे लिहिते आहे.

ज्याला एका ठिकाणी थांबायचे आहे, शिकायचे आहे, लोकांशी बोलायचे आहे आणि ज्याची प्रकृती धडधाकट आहे, त्याने एकट्याने जाण्याचे धैर्य करावे. त्याची तयारी मात्र यात्रा कंपनीपेक्षा अधिक काटेकोर हवी. श्रीलंकेपुरते सांगायचे तर प्रवेशपरवाना ऑनलाइन मिळतो, पण त्याचे नियम आणि शुल्क बदलत असतात, म्हणून ते निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावरच पाहावेत. विमानतळ कोलंबो शहरात नसून उत्तरेला कटुनायकेला आहे. तेथे दिवसाउजेडी पोहोचेल असे विमान घ्यावे आणि पहिल्या दोन रात्रींची खोली आधीच ठरवावी. प्रत्येक पौर्णिमेला तिकडे 'पोया'ची सुट्टी असते. वेसाक आणि पोसोनच्या पौर्णिमांना अनुराधपूर, मिहिंतले येथे लोटणारी गर्दी हे आपले भाग्य मानायचे की अडचण, हे आधी ठरवून तारीख निवडावी. खांदे आणि गुडघे झाकणारे, शक्यतो पांढरे कपडे असावेत. विहारांच्या आवारात चपला व टोपी काढावी लागते आणि दुपारी दगडी फरशी पाय भाजते, म्हणून सकाळ किंवा संध्याकाळ बरी. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तेथे अवमानाचे मानले जाते, हे आपल्या तरुणांनी विशेष ध्यानात ठेवावे.

अडचणीसाठी काही क्रमांक वहीत लिहून ठेवावेत, कारण मोबाइल नेमका अडचणीतच बंद पडतो. रुग्णवाहिकेसाठी १९९०, ही मोफत सेवा भारताच्या साहाय्याने सुरू झालेली आहे. पोलिसांसाठी ११९. आपले उच्चायुक्तालय कोलंबोत, तर सहायक उच्चायुक्तालय कँडीत आहे. देशाची परिस्थिती पाहणेही तितकेच महत्त्वाचे. २०१९ च्या एप्रिलमध्ये ईस्टरच्या दिवशी झालेले बॉम्बस्फोट आणि २०२२ मधील इंधनटंचाई यांनी सुरक्षित वाटणारा देश किती झपाट्याने बदलतो, हे दाखवून दिले. समूहात ही चौकशी व्यवस्थापक करतो, एकट्याने ती स्वतः करायची असते.

या दोहोंमध्ये एक मधली वाटही आहे आणि मला ती आपल्या लोकांसाठी सर्वांत योग्य वाटते. चार-पाच ओळखीच्या माणसांनी मिळून तिथलीच एक गाडी चालकासह ठरवावी. खर्च वाटला जातो, आजारपणात सोबत असते आणि कोणाला तासभर बसायचे असेल, तर चौघांची समजूत घालणे अडतिसांपेक्षा सोपे असते.

आता पालकांशी थोडे मोकळेपणाने बोलते. माझ्या भाचीचा भाऊ गेल्या वर्षी मित्राच्या भरवशावर नेपाळला जाऊन आला. त्याला कोणी काही विचारले नाही. मुलीने विचारले तेव्हा मात्र घरात सभा भरली. धोका खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. गर्दीच्या बसमध्ये मला त्रास झाला आहे. तो आपल्याकडेही होतो आणि तिकडेही झाला. रिक्षावाल्याने रात्री वाट बदलली तेव्हा माझाही जीव घशाशी आला होता. पण धोक्यावर उपाय तयारीचा असतो. दार बंद करून धोका टळत नाही, तो केवळ पुढच्या पिढीच्या पदरात जातो. ज्या विद्यालयाने आमच्यासारख्या मुलींना वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी घरापासून शेकडो किलोमीटर दूर राहायला शिकवले, त्या विद्यालयाच्या मुलीला पंचविसाव्या वर्षी "तू एकटी राहू शकणार नाहीस" असे म्हणणे, हे आपल्याच शिक्षणावर अविश्वास दाखवणे आहे. आमच्या आयांनी आम्हांला वसतिगृहाच्या फाटकात सोडले, तेव्हा त्यांना भीती वाटली नव्हती काय?

बहिणीला मी हेच सांगितले. दोन संध्याकाळी चर्चा झाली. मेहुणे प्रथम बोलेनात, मग एकेक अट सांगू लागले, तेव्हाच मला कळले की परवानगी मिळाली. ठरले ते असे : पहिले तीन दिवस ती आपल्या दोन मैत्रिणींबरोबर कोलंबो आणि कँडी पाहील. नंतर मैत्रिणी परततील आणि ती चार दिवस अनुराधपूर-मिहिंतलेला एकटी राहील. रोज सकाळी आणि संध्याकाळी ठरल्या वेळी घरी संदेश पाठवील. दोन संदेश चुकले, तर काय करायचे आणि कोणाला फोन लावायचा, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावलेले आहे. प्रवासाचा विमा मेहुण्यांनी स्वतः काढला. रात्रीचा प्रवास नाही, ही अट तिने हसत मान्य केली. मी तिला एकच काम सांगितले आहे : बोधिवृक्षापाशी पहाटे जा आणि घड्याळ खोलीवर ठेवून जा.

शेवटी माजी विद्यार्थी संघाला एक विनंती. आपला संघ दरवर्षी स्नेहमेळावा घेतो, गुणवंतांचा सत्कार करतो. त्याबरोबर दर दोन वर्षांनी बौद्ध देशांच्या लहान यात्रा आखाव्यात, असे मला वाटते. एका गटात बारापेक्षा अधिक माणसे नकोत. त्यांत एक डॉक्टर किंवा परिचारिका असावी. आपल्या माजी विद्यार्थ्यांत अशा अनेक आहेत. दुकानांचे थांबे नसावेत. रोजची दुपारपर्यंतची वेळ गटाची आणि दुपारनंतरची प्रत्येकाची स्वतःची, असा नियम असावा. संध्याकाळी ठरल्या ठिकाणी शिरगणती व्हावी, जशी विद्यालयात होत असे. पहिली यात्रा त्या माजी विद्यार्थ्यांच्या आईवडिलांसाठी काढावी, ज्यांनी आपल्याला शिकवले पण स्वतः कधी कोठे गेले नाहीत. कोणाला वृक्षाखाली तासभर बसायचे असेल, तर बाकीच्यांनी थांबावे, एवढे एकच वाक्य त्या यात्रेच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापले, तरी पुरे आहे. अशा यात्रेचे काम करायला मी तयार आहे आणि माझ्या नावाची नोंद संघाने आजच करून घ्यावी.